उभ्या पिना

रोज सकाळी ममता दुकानाचे शटर वर करी, तेव्हा आधी कोळशाची धूळ आत येई आणि मागून उजेड. वणीच्या या रस्त्याने खाणीचे ट्रक जात. ताडपत्रीखालून सांडलेला कोळसा चाकांखाली दळला जाई आणि शटरच्या फटीतून शिरून रचलेल्या फोमवर, गुंडाळलेल्या रेग्झिनवर, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर येऊन बसे. ती आधी कोरड्या फडक्याने झटके आणि मग ओल्याने पुसे. हा क्रम उलटा झाला तर फिक्या कापडात राखी रेघ कायमची मुरते, हे संघदीपने तिला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते. पुसून झाले की ती त्याची खुर्ची उंबऱ्याशी आणून ठेवी. खुर्चीची उजवी बाजू भिंतीला चिकटून आली पाहिजे आणि डावी रस्त्याकडे, हे कोणी ठरवलेले नव्हते. पण खुर्ची एकदा जरा वेगळी ठेवली गेली तेव्हा तो बराच वेळ उभाच राहिला होता आणि तिला कारण विचारावे लागले नव्हते. मग तो येई. घरापासूनचे थोडे अंतर तो पेपर काखेत धरून सावकाश चालत येई, बसे, आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवी, एखादी वस्तू ठेवावी तसा. समोरच्या टपरीवरून दोन कटिंग येत. चहा संपला की ममता खिळ्यावर अडकवलेली, कापडाला पिना मारायची गन काढी. गन त्याची होती. दुकानाच्या पाटीवर नावही त्याचेच होते, ‘संघदीप कुशन वर्क्स’, आणि कोणी नवीन गिऱ्हाईक पाटीकडे व तिच्याकडे आळीपाळीने पाहू लागले की ती म्हणे, “सध्या मीच पाहून राह्यलो.” हे सध्या तिसऱ्या वर्षात होते.

त्या बुधवारी सकाळीही तिने हेच सगळे याच क्रमाने केले. फक्त खुर्ची ठेवताना तिची नजर खुर्चीमागच्या फरशीवर गेली आणि तेथे तिला एक गोष्ट दिसली, जी तेथे नेहमीच असणार : दोन गोल डाग, एकमेकांपासून हातभर अंतरावर, इतर फरशीपेक्षा स्वच्छ. माणूस गुडघ्यांवर बसला की धूळ जेथे पुसली जाते तेथे असे डाग पडतात. तिने ओले फडके त्यांच्यावरून फिरवले आणि सगळी फरशी सारखी केली. मग असे करायला नको होते असे तिला वाटले.

आदल्या दिवशी दुपारी ती नेहमीप्रमाणे दीडला घरी निघाली होती. लेक सलोनी शाळेतून येई, तिला वाढायचे, स्वतः दोन घास खायचे, आणि संघदीपचा डबा घेऊन तीनपर्यंत परतायचे, असा तिचा दिवस होता. या मधल्या वेळात संघदीप शटर अर्धे पाडी आणि झोपे, अशी तिची समजूत होती. त्याने तसे कधी सांगितले नव्हते, पण परतल्यावर तो डोळे चोळत असल्यासारखा दिसे. मंगळवारी कोपऱ्यावर गेल्यावर मोबाईल दुकानातच राहिल्याचे तिच्या लक्षात आले. ती मागे वळली. शटर अर्धे खाली होते. आतून बारीक आवाज येत होता, टुक्, टुक्. मग काहीच नाही. मग पुन्हा टुक्, टुक्. तिने वाकून पाहिले. सकाळी तिने पुरी केलेली खुर्ची फरशीवर उलटी पडली होती आणि संघदीप तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता. जो माणूस तीन वर्षांत तिच्यादेखत खाली पडलेली कात्रीही उचलायला वाकला नव्हता, तो बसला होता. उजवा हात त्याने शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचून टाकला होता, मध्ये येऊ नये म्हणून. डाव्या हाताचा अंगठा तो चौकटीच्या कडेने, पिनांच्या ओळीवरून हळूहळू ओढत होता. अंगठा थांबे. मग तो जवळची लहान हातोडी उचली, दोन ठोके देई, हातोडी ठेवी, अंगठा पुन्हा तेथूनच पुढे निघे. त्याचा चेहरा तिला अर्धाच दिसत होता. त्या अर्ध्या चेहऱ्यावर जे होते ते तिने पूर्वी पाहिले होते, त्याचा हात गेला त्या अपघाताआधी, आणि नंतर पाहिले नव्हते, हे तिला तेथे वाकलेल्या अवस्थेत आठवले. ती मोबाईल न घेताच परत गेली.

बुधवारी ती गन हातात घेऊन उभी राहिली तेव्हा तिला प्रथम लाज वाटली, आणि ही लाज कोणाची, हे तिला ठरवता येईना. तीन वर्षे तिच्या पिना कोणाला टोचल्या नव्हत्या. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता. इतर कशाचा करावा असे फारसे नव्हते. पिन पूर्ण बसली नाही, केसाएवढी जरी उभी राहिली, तरी खुर्ची सरकवणाऱ्याच्या बोटाला ओरखडा येतो, साडीचा काठ अडकतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. सध्या ज्यांच्या सहा खुर्च्यांचे काम चालू होते त्या इंदुताई, निवृत्त शिक्षिका, पहिल्या तीन खुर्च्या नेताना प्रत्येकीच्या खालून तळवा फिरवून म्हणाल्या होत्या की ममता, तुझं काम हाताला लागत नाही. ममताने ते वाक्य घरी नेले होते आणि भाकऱ्या थापताना दोनदा स्वतःशी म्हटले होते. संघदीप तेव्हा शेजारीच बसला होता. तो पेपर वाचत होता. आता तिला वाटले, तो पेपराचे पान त्या वेळी उलटत नव्हता.

उभ्या पिना ती स्वतःही ठोकून बसवी. ठोकत नव्हती असे नाही. गनची मूठ तिच्या हाताला मोठी होती. लोखंडी, स्प्रिंगची, जुनी गन. तिचा दांडा दाबायला सबंध पंजा लागे आणि ममताची बोटे दांड्याला नुसती टोकांनी पोचत. संघदीपने कधी काळी मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने त्या रबरात त्याच्या चार बोटांच्या खाचा पडल्या होत्या. ममताची बोटे त्या खाचांत बसत नसत. ती दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावर पडत आणि संध्याकाळी तेथे वळ उठत. प्लायच्या सोफ्याला काही अडत नसे. पण जुने सागवान आले, इंदुताईंच्या खुर्च्यांसारखे, की तिला गन दोन्ही हातांनी दाबावी लागे, कापड मग गुडघ्याने ताणून धरावे लागे, आणि शेवटच्या क्षणी, स्प्रिंग सुटते त्या क्षणी, गन किंचित कलंडे. पिनेचा एक पाय लाकडात जाई, दुसरा वर राही. अशा पिना ती बोटाने चाचपून ठोकी. अकरानंतर मात्र तिची बोटे बधिर होत. बधिर बोटांना सगळ्याच पिना बसलेल्या वाटतात, ही साधी गोष्ट तीन वर्षांत तिच्या मनात कशी आली नाही? की आली होती, आणि काम टोचत नाही या सुखात तिने ती बाजूला सारली होती? त्याच्या डाव्या अंगठ्यावरचे बारीक कापल्याचे व्रण तिने पाहिले होते. डाव्या हाताने दाढी करतो, लागत असेल, असे तिने धरून चालले होते. अंगठ्याने कोणी दाढी करत नाही.

नव्या गनची गोष्ट आठवडाभर चालू होती. हात रात्री झोपू देत नाही म्हणून दवाखान्यात दाखवले, तेव्हा डॉक्टरांनी तिला काम विचारले आणि अवजार बदलायला सांगितले. तिने घरी ते सांगितले. संघदीप सहसा तिच्या म्हणण्याला नाही म्हणत नसे. घरातल्या गोष्टींत मत देणेच त्याने सोडून दिले होते. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, “आहे ना गन. काहून नवी पाह्यजे?” तिने मनगट दाखवले. तो म्हणाला, लाईटवरच्या गनीचा भरोसा नाही, दुपारी लाईट जाते. हवेची घेतली तर कॉम्प्रेसर दिवसभर ओरडेल, गिऱ्हाइकाशी बोलायचे कसे. मग म्हणाला, “अन् मी लागलो कामाले तं मले हेच गन लागते.” या वाक्यापुढे घरात कोणी काही बोलत नसे. रस्त्यावर सांडलेल्या कोळशावरून त्याची गाडी घसरली आणि खांद्यातली नस तुटली, त्याला तीन वर्षे होत आली होती. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी प्रथम येईल म्हटले, नंतर पाहू म्हटले, आणि नंतर तारीख दिली नाही. त्याची गन ती वापरत होती तोवर ती त्याच्या जागेवर नुसती बसलेली होती. तिने आपल्या हाताची गन आणली की जागा तिची झाली. त्याच्या विरोधाचा अर्थ तिने असा लावला होता आणि आपण पत्नी म्हणून त्याला ओळखतो या समाधानात चार दिवस ती गप्प राहिली होती. आता मंगळवारच्या दुपारनंतर त्याच वाक्याच्या पाठीमागे दुसरेच काही उभे राहिले. नव्या गनेने पिना बसल्या असत्या. सगळ्या, पहिल्याच दाबात. आणि दुपारी दीड ते तीन या वेळात शटर अर्धे पाडून बसलेल्या माणसाच्या अंगठ्याला काहीच लागले नसते.

तिने पहिल्या पिनेसाठी गन टेकवली आणि दाबली नाही. काल जे काम होते ते आज करता येणार नाही हे तिला कळत होते. आता ती ही गन दाबील तेव्हा कलंडणारी प्रत्येक पिन त्याच्यासाठी सोडलेली असेल, आणि ठोकलेली प्रत्येक पिन त्याच्या हातून काढून घेतलेली. पिन उभी ठेवली तरी फसवणूक, बसवली तरी हिरावणे. तिला माहेरच्या, बोरी अरबच्या शाळेतला बाक आठवला. त्या बाकाला एक खिळा वर आलेला होता आणि त्यावर बसणाऱ्या मुलीला विशिष्ट तऱ्हेने, डावा पाय आखडूनच बसावे लागे; वर्षभर तशी बसल्यावर ममता घरीही, जमिनीवरही, तशीच बसू लागली होती, आणि आई विचारी की अशी वाकडी काहून बसतं तू. खिळा पुढे कोणीतरी काढला. बसण्याची सवय गेली नाही. या दुकानात दोघेही कोणत्या तरी खिळ्याला चुकवून बसले होते, आणि अंगाला आता तीच बैठक सरळ वाटू लागली होती.

“जाऊन येतो बाबूसिंगकडे,” ती म्हणाली.

संघदीपने मान वळवली नाही. “जा,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “सागाचा तुकडा नेजो संगं. तो प्लायवर मारून दाखवते. प्लायवर सगळ्याच गनी चालते.”

या सल्ल्याने तिला रडू आले असते; तिने तुकडा शोधण्याचे निमित्त करून फोमच्या ढिगामागे थोडा वेळ काढला.

बाबूसिंगचे हार्डवेअरचे दुकान बसस्टँडच्या अलीकडे होते. बाबूसिंग राठोड संघदीपच्या वयाचा, अघळपघळ माणूस. संघदीप उभ्याने काम करी तेव्हाचे त्यांचे गूळपीठ होते, आणि हल्ली तो संघदीपविषयी बोलताना आवाज उगाच मोठा करी. त्याने काउंटरवर तीन गनी मांडल्या. पहिली हाताचीच, पण लहान मुठीची, दुसरी हवेची, तिच्यामागे कोपऱ्यात कॉम्प्रेसर लाल रंगात बसलेला, तिसरी लाईटवरची. ममताने सागाचा तुकडा पुढे केला तेव्हा तो हसला आणि म्हणाला की हे दादानं शिकवलं असंन. जुनी गन अन् जुनी बायको, तुमच्या मानसाचा दोनीवरच भरोसा, असेही तो म्हणाला. ममता हसली. हसणे हे गिऱ्हाईक असण्याचा भाग होता.

लहान मुठीच्या गनेत तिची बोटे नीट बसली आणि तिला आतून एकदम हलके वाटले. पण सागात पिन अर्धीच गेली. लहान मूठ म्हणजे लहान स्प्रिंग, बाबूसिंगने समजावले. दाब कमी तर मारही कमी. हवेच्या गनेने मात्र तिला दचकवले. नुसते बोट लागले आणि पिन लाकडात दिसेनाशी झाली, इतकी खोल की वरचे कापड तिथे चिरले गेले. दाब कमी करता येतो, तो म्हणाला. पण ममता त्या लाल टाकीकडे पाहत होती. ती टाकी दुकानात एकदा बसली की भिंतीला भोक पडेल, पाइप लागेल, खुर्चीची जागा हलवावी लागेल. ती टाकी संघदीपच्या आणि रस्त्याच्या मध्ये बसेल. दिवसभर धडधडेल, आणि त्या धडधडीत कोणालाच कोणाचे काही ऐकू येणार नाही. कदाचित ते सोयीचेही होईल. सोय या शब्दाशी ती थांबली. मग तिने तिसरी गन उचलली.

तिसरी हलकी होती. तळव्यात मावत होती, बोट सहज पोचत होते. पिन सागात सपाट बसली. तिने अंगठा फिरवला, काही लागले नाही. गनेच्या मागे एक चकती होती. ती फिरवली की मार कमीजास्त होई : मऊ लाकडाला कमी, सागाला पूर्ण. तिने चकती खाली घेऊन दुसरी पिन मारली. पिन केसाएवढी वर राहिली. आणि तेथे, बाबूसिंग कोणाला तरी स्क्रू मोजून देत असताना, तिच्या मनात जो विचार आला त्याचे तिला आश्चर्य वाटले नाही. तो बहुधा सकाळपासून आत होता. चकती दर ओळीत दोन-तीन पिनांपुरती खाली घ्यायची. तिचा हात दुखणार नाही, त्याची दुपार रिकामी जाणार नाही. कोणाला काही सांगावे लागणार नाही. सगळे आहे तसेच, फक्त आता ते तिच्या हातात. ती स्वतःच ठरवील की आज त्याला किती काम द्यायचे. तिने त्या उभ्या पिनेवर पुन्हा अंगठा फिरवला, आणि तिला कळले की हे जमणार नाही. ही पिन सरळ उभी होती. दोन्ही पाय सारखे वर, टेबलासारखी. थकलेल्या हाताची पिन अशी राहत नाही. ती एका बाजूला झुकलेली असते, कारण हात झुकतो. संघदीपच्या अंगठ्याला पहिल्याच पिनेशी ते कळले असते. ही उभी राहिलेली नाही, ठेवलेली आहे, हे त्याने ओळखले असते, आणि हातोडी खाली ठेवली असती, आणि तीनला ती डबा घेऊन आली तेव्हा डोळे चोळले असते. त्यानंतर त्या दुकानात दोघांनी कसे बसायचे?

“दादा पन आल्ते,” बाबूसिंग तिच्याकडे वळून म्हणाला. आवाज या वेळी मोठा नव्हता. “मागच्या हप्त्यात. हेच गन उचलली. डाव्या हातानं. चार-पाच पिना मारल्या त्यायनं, बराबर बसल्या. मंग ठेवून देल्ली.”

“काही म्हनलं?”

“नाही. म्या म्हनलं घेऊन जा, तं म्हने, ममतीले नको सांगू.” तो काउंटरवरच्या पिना गोळा करू लागला. “आता सांगतलं म्या. तुमी नका सांगू.”

ममताने गन डाव्या हातात घेऊन पाहिली. मूठ दोन्ही बाजूंनी सारखीच होती. अर्थात. आठवडाभर तो घरात म्हणत होता, नको, आणि त्याच दिवसांत तो इथे येऊन गेला होता. त्याने गन ठेवून का दिली? डाव्या हाताने काम करणे म्हणजे उजवा हात गेला असे मान्य करणे, म्हणून? की एका हाताने कापड ताणता येत नाही, ते तिने ताणून धरावे लागेल, आणि तिला पुन्हा कापड धरायला उभे करावे हे त्याच्याने होईना, म्हणून? अपघातापूर्वी ती दुकानात येई ती संध्याकाळी, शिवणीपुरती आणि कापड धरण्यापुरती. धर. जरा डावीकडे. सोड. तिला तो काळ सुखाचा म्हणून आठवत असे, आणि आता, हातात त्याला बसणारी गन धरून उभी असताना, तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसले की त्या काळात परत जायची तिला भीती वाटते. त्याचा हात बरा होऊ नये असे तिने कधी इच्छिले नव्हते. पण इंदुताईंनी तळवा फिरवताना नाव तिचे घेतले होते. ते नाव अर्धे त्याच्या अंगठ्याचे निघाले, तरी उरलेले अर्धे तिचे होते आणि ते तिला सोडवत नव्हते. याला स्वार्थ म्हणायचे तर म्हणावे. बाबूसिंगने पंखा सुरू केला. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर तसाच लाल होता. तिला वाटले, या तीन गनींमधून हाताला बसणारी निवडणे सोपे होते. कठीण होते ते निवडलेली गन घरी नेणे.

“हे द्या,” ती म्हणाली.

संघदीपने खोक्याकडे पाहिले आणि मग रस्त्याकडे पाहिले. घेतली? घेतली. एवढेच बोलणे झाले. ममताने गन जोडली, चकती पूर्ण फिरवली, इंदुताईंची पाचवी खुर्ची पुढ्यात घेतली. खट्. खट्. डाव्या हाताने कापड ताणले, उजव्याने पिन. गुडघा मोकळा होता आणि त्याचे काय करावे हे तिला कळत नव्हते. काम इतके सहज होत गेले की तिच्या अंगातल्या ज्या ज्या ठिकाणी रोज ताण असे ती ती ठिकाणे ताणाची वाट पाहत राहिली. कोपऱ्यावर कापडाची घडी सपाट बसली. ट्रक गेला, त्याच्या मागे दुसरा गेला. प्रत्येक खट् सरशी उंबऱ्यावरच्या खुर्चीतली पाठ ऐकत होती. ती पाठ वळली नाही, पण पेपराचे पान उलटले गेले नाही, आणि या वेळी ममताने ते लक्षात घेतले. आसन पुरे झाल्यावर तिने चौकटीवरून सगळीकडे अंगठा फिरवला. अंगठा कुठेच थांबला नाही. एकाही पिनेला आता कोणाची गरज नव्हती.

मग तिने खुर्ची उलटी केली आणि खालचे काळे कापड लावायला घेतले. हे कापड खुर्चीच्या पोटाला लावतात. फोमची भुकटी खाली सांडू नये, पट्ट्या दिसू नयेत म्हणून. ते फार ताणावे लागत नाही. तीन बाजू बसल्या की चौथी आपोआप सरळ येते, नुसती कड दुमडायची आणि मारत जायचे. तीन बाजू बसल्या. चौथीशी तिने गन टेकवली, आणि तेथेच तिचा हात थांबला. एका हातानेही होईल, असे तिच्या मनात आले. विचार एवढाच होता; त्याला पुढेमागे काही नव्हते. तिने चौथ्या बाजूची कड दुमडली, बोटाने दाबून घडी पाडली आणि ती तशीच सोडली.

दीड वाजले होते. ती उठली. उलटी खुर्ची तिने फरफटत उंबऱ्याशी नेली आणि संघदीपच्या पुढ्यात, उजेडात, ठेवली. मागच्या फरशीवर नाही. गनेची वायर तिथवर पुरली. गन तिने त्याच्या डाव्या पायाशी ठेवली, मूठ त्याच्याकडे करून. हातोडी मात्र तिने खिळ्यावर जुन्या गनेच्या शेजारी अडकवली.

“आत अंधार असते,” ती म्हणाली. “एक बाजू राह्यली हाये. खालची.”

तो खुर्चीकडे पाहत राहिला. मग त्याने डावा हात पुढे केला, पण गनेकडे नाही. अंगठा चौकटीच्या कडेवर टेकवला आणि आसनाच्या पिनांवरून ओढत नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भर दुपारी, तिच्यादेखत, रस्त्यादेखत. ती उभी राहिली.

“साऱ्या बसल्या,” तो म्हणाला.

“हो.”

“कवा पाह्यलं तू?”

“काल. मोबाईल राह्यला होता.”

त्याने मान हलवली. रस्त्यापलीकडे टपरीवाला ग्लास विसळत होता आणि इकडेच पाहत होता. संघदीपचा उजवा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेला लोंबू लागला. त्याने तो उचलला नाही.

“अन् मी हे घेतली हातात तं,” तो म्हणाला, “मंग तू काय करशीन?”

हा प्रश्न तिने हार्डवेअरच्या दुकानापासून बरोबर आणला होता, पण तो त्याच्याही जवळ असेल असे तिला वाटले नव्हते.

“वरचं माझं,” ती म्हणाली. “आसन, पाठ, कोपरे. ते मी कोनाले देनार नाही. तुमाले बी नाही.” आपला आवाज जरा कोरडा निघाला असे तिला वाटले, पण तिने तो मऊ केला नाही. “खालचं तुमचं.”

तिने पदर सारखा केला, मोबाईल आठवणीने घेतला, चप्पल घातली. संध्याकाळी सहावी खुर्ची येईल, इंदुताई शनिवारी येतील, पाटीवर नाव त्याचेच राहील. यातले काही बदलले नव्हते. उद्या सकाळी धूळ पुसून तीच खुर्ची त्याच भिंतीशी ठेवायची होती. पायऱ्या उतरताना तिला वाटले, आता तो उठेल आणि शटर पाडील. शटर जुने होते; पडताना त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत येई, तीन वर्षे रोज तो तिने पाठीवर ऐकला होता आणि त्या आवाजावर तिची पावले जलद होत. ती चालत राहिली. एक ट्रक गेला. धूळ खाली बसली. कोपरा आला तरी शटरचा आवाज आला नाही. गनेचा खट् आवाजही अजून आला नव्हता. ममता कोपऱ्यावर थांबली नाही. सलोनी शाळेतून आली असेल, आणि भाकरीचे पीठ अजून मळायचे होते.